घराची जादा चावी ज्यांच्याकडे आहे, तेच घरात डोकावतायत का? शंका तपासायची कशी

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घराची एक जादा चावी दुसऱ्या कुणाकडे तरी असते. शेजारच्या काकू, घरमालक, रूममेटचा मित्र, कामाला येणाऱ्या मावशी, त्याच शहरात राहणारा मामेभाऊ. गॅस सिलिंडर घ्यायचा असतो, कुरिअर येणार असतं, झाडांना पाणी घालायचं असतं किंवा आपलीच चावी हरवली तर सोय म्हणून ती ठेवलेली असते. आणि मग कधीतरी वाटायला लागतं की आपण नसताना कुणीतरी घरात येऊन गेलंय. कपाटाचं दार नीट लागलेलं नाही, ड्रॉवरमधल्या फाइलींचा क्रम बदललाय, लॅपटॉप वेगळ्या कोनात ठेवलाय.

ही शंका फार वाईट असते. खरी निघाली तर घरातलं सगळं असुरक्षित वाटतं. खोटी निघाली आणि तुम्ही ती बोलून बसलात, तर एक चांगला माणूस कायमचा तुटतो. म्हणून या लेखात मी दोन गोष्टी एकत्र सांगणार आहे: तंत्रज्ञानाच्या मदतीने शंका कशी तपासायची, आणि प्रत्येक साधन नेमकं काय सांगतं व काय सांगत नाही. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे, कारण गैरसमज बहुतेक वेळा तिथेच होतात.

चावी दिली म्हणजे नक्की काय दिलं?

सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर साधी चावी म्हणजे असा पासवर्ड, जो सगळ्यांना एकच आहे, कधीच एक्स्पायर होत नाही आणि कुणी कधी वापरला याची कुठेच नोंद राहत नाही. चावीवाल्याकडे गेलं की काही मिनिटांत तिची कॉपी मिळते. तुम्ही एक चावी दिली होती, पण आज किती आहेत ते कुलूप सांगू शकत नाही.

यात आणखी एक गंमत आहे. आपल्या नेहमीच्या लॅच लॉकच्या चावीवरचे खाचे म्हणजे तिचा कोडच असतो. प्रत्येक खाचेची खोली आतल्या एका पिनची उंची ठरवते. सॅन डिएगो इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं की टेलिफोटो लेन्सने साधारण २०० फुटांवरून काढलेल्या फोटोवरूनही चावीचा हा कोड काढता येतो. त्यामुळे नवीन फ्लॅट मिळाल्यावर हातात चावी धरून इन्स्टावर स्टोरी टाकायची हौस असेल, तर चावीचे खाचे मुठीत झाका.

यातून एक मुद्दा लक्षात ठेवा. 'कुणाकडे चावी आहे' आणि 'मी कुणाला चावी दिली' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पुढे माझ्याच घराचं उदाहरण येईल, त्यात हा फरक नीट कळेल.

आधी वही, मग गॅजेट

शंका आली की आपण लगेच कॅमेरा शोधायला लागतो. थांबा. आधी दोन आठवडे फक्त नोंद ठेवा.

कारण आपली स्मरणशक्ती सीसीटीव्हीसारखी चालत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनिअल सायमन्स आणि डॅनिअल लेव्हिन यांचा १९९८ चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. रस्त्यात एक माणूस वाटसरूला पत्ता विचारतो. बोलणं चालू असताना दोघांच्या मधून एक मोठं दार वाहून नेलं जातं आणि त्या आडोशाने पत्ता विचारणारा माणूसच बदलला जातो. जवळपास निम्म्या लोकांना समोरचा माणूस बदललाय हे कळलंच नाही. समोर उभा असलेला माणूस बदललेला कळत नसेल, तर 'ही फाइल मी डावीकडेच ठेवली होती' या खात्रीला किती वजन द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

म्हणून असं करा:

- घराबाहेर पडताना फोनवर चार-पाच ठरावीक जागांचे फोटो काढा: ड्रॉवर, टेबल, कपाट, लॅपटॉप. रोज त्याच जागी उभं राहून, त्याच कोनातून.
- परत आल्यावर काही हलवायच्या आधी पुन्हा तेच फोटो काढा आणि मग तुलना करा.
- तारीख, निघायची वेळ, यायची वेळ, आणि काही वेगळं दिसलं तर ते एका नोटमध्ये लिहा. 'काही बदल नाही' हेसुद्धा लिहा. फक्त संशयाचे दिवस लिहिले तर नोंद एकतर्फी होते आणि तुमची शंका आपोआप खरी वाटायला लागते.
- फॅन चालू राहिला होता का, खिडकी उघडी होती का, घरात मांजर येतं का, हेही लिहा. टेबलावरचे कागद उडवायला माणूसच लागतो असं नाही.

दोन आठवड्यांत एकही ठोस बदल दिसला नाही, तर पुढचं काही विकत घेऊ नका.

दार उघडलं का? डोअर सेन्सर

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी त्रासाचं साधन हेच. डोअर सेन्सरचे दोन तुकडे असतात. एकात लोहचुंबक, दुसऱ्यात रीड स्विच. रीड स्विच म्हणजे काचेच्या छोट्या नळीतल्या दोन पातळ धातूच्या पट्ट्या. चुंबक जवळ असेल तोवर पट्ट्या चिकटलेल्या राहतात, दार उघडलं की चुंबक लांब जातो आणि पट्ट्या सुटतात. सर्किट तुटलं की अ‍ॅपमध्ये वेळेसकट नोंद होते.

काय सांगतो: दार किती वाजता उघडलं आणि किती वाजता बंद झालं.

काय सांगत नाही: कोण आलं, एकटं आलं का, आत काय केलं.

घेताना दोन गोष्टी बघा. वाय-फायवर चालणारा सेन्सर थेट राउटरला जोडला जातो. झिगबीवाल्याला वेगळा हब लागतो, पण त्याची बॅटरी सहसा जास्त टिकते. दुसरं म्हणजे लाईट. लाईट गेली की राउटर बंद, आणि राउटर बंद असताना दार उघडलं तर नोटिफिकेशन येणार नाही. राउटरला मिनी यूपीएस लावला तर हा प्रश्न बराचसा सुटतो. आणि नोंदीत मधेच खंड पडलेला दिसला तर 'कुणीतरी मुद्दाम बंद केलं' असं समजू नका. आधी शेजारी विचारा की दुपारी लाईट गेली होती का.

सोसायटीत राहत असाल तर काही नोंदी आधीच असतात. गेटवरचं रजिस्टर, मायगेटसारख्या अ‍ॅपमधल्या कामवाल्यांच्या आत-बाहेरच्या वेळा, लिफ्टजवळचा सीसीटीव्ही. फुटेज हवं असेल तर सेक्रेटरींना लवकर विचारा, कारण डीव्हीआर भरला की जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं.

कोण आलं? कॅमेरा आणि जुना फोन

डोअर सेन्सरने खरंच अवेळी दार उघडल्याचं दाखवलं, तरच कॅमेऱ्याचा विचार करा.

ड्रॉवरमध्ये पडलेला जुना अँड्रॉइड फोन चालतो. अल्फ्रेड कॅमेरासारखं अ‍ॅप टाकलं की तो फोन कॅमेरा होतो आणि हालचाल दिसली की तुमच्या नव्या फोनवर सूचना येते. या कल्पनेचा एक इतिहासही आहे. डिसेंबर २०१७ मध्ये गार्डियन प्रोजेक्ट आणि फ्रीडम ऑफ द प्रेस फाउंडेशन यांनी 'हेवन' नावाचं ओपन सोर्स अ‍ॅप आणलं, त्यात एडवर्ड स्नोडेनचाही सहभाग होता. फोनचा कॅमेरा, माइक, हालचाल ओळखणारा सेन्सर आणि उजेड मोजणारा सेन्सर हे सगळं वापरून खोलीत कुणी आलं का ते ओळखायचं, अशी ती कल्पना. पत्रकारांच्या हॉटेलच्या खोलीत कुणी शिरून लॅपटॉपशी छेडछाड करू नये हा हेतू.

अशा हल्ल्याला सिक्युरिटीच्या जगात 'इव्हिल मेड अटॅक' म्हणतात. पोलंडच्या संशोधक जोआना रुटकोव्स्का यांनी २००९ मध्ये हे नाव रूढ केलं. हॉटेलची खोली साफ करायला येणारी बाई लॅपटॉपपर्यंत सहज पोहोचू शकते, एवढाच त्यामागचा विचार. पण आपल्याकडे या नावाचा अर्थ जरा जपून घ्यायला हवा. घरात काहीही हललं की पहिली शंका कामवाल्या मावशींवर घ्यायची ही आपली सवय आहे. एका सोसायटीत नाव खराब झालं की त्यांची चार घरं सुटतात. इंजिनीअरच्या नजरेने पाहिलं तर ज्यांच्या ज्यांच्याकडे चावी आहे त्या सगळ्यांची शक्यता सारखीच धरून सुरुवात करायची असते. शंका कमी-जास्त करायची ती नोंदीवरून, हुद्द्यावरून नाही.

कॅमेरा लावताना हे पाळा:

- कॅमेरा आतून फक्त मुख्य दाराकडे तोंड करून. बाथरूम, बेडरूम, कपडे बदलायची जागा इथे कधीच नाही.
- शेजाऱ्यांचं दार किंवा पॅसेज फ्रेममध्ये येऊ देऊ नका.
- रूममेट असतील तर त्यांना सांगूनच. घर त्यांचंही आहे.
- आवाज रेकॉर्ड करायची गरज नसेल तर माइक बंद ठेवा.
- कॅमेऱ्याचा डिफॉल्ट पासवर्ड बदला आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. नाहीतर एकाने घरात डोकावू नये म्हणून लावलेल्या कॅमेऱ्यातून दुसराच कुणी डोकावेल.
- जुना फोन चोवीस तास चार्जिंगला लावून ठेवणार असाल तर बॅटरी फुगलेली नाही ना हे आठवड्यातून एकदा बघा.

लॅपटॉप उघडला का?

इथे घरातल्या वस्तूंपेक्षा चांगली स्थिती असते, कारण कॉम्प्युटर स्वतःच नोंदी ठेवतो.

विंडोजमध्ये स्टार्टला जाऊन 'इव्हेंट व्ह्यूअर' शोधा. त्यात 'विंडोज लॉग्ज' आणि मग 'सिक्युरिटी'. ४६२४ क्रमांकाची नोंद म्हणजे यशस्वी लॉगिन. पण घाबरू नका, ही नोंद दिवसातून शेकडो वेळा दिसते, कारण विंडोजच्या आतल्या सेवाही लॉगिन करत असतात. नोंद उघडून 'लॉगऑन टाइप' बघा. २ म्हणजे कीबोर्डसमोर बसून केलेलं लॉगिन, ७ म्हणजे लॉक स्क्रीन उघडलेली, ११ म्हणजे साठवलेल्या माहितीवरून झालेलं लॉगिन. तुम्ही ऑफिसात होतात त्या वेळेची यातली नोंद दिसली तर ती महत्त्वाची. चुकलेल्या पासवर्डची नोंद ४६२५ क्रमांकाने होते, मात्र काही विंडोजमध्ये ती आधी सेटिंगमधून चालू करावी लागते.

मॅकवर 'टर्मिनल' उघडून 'लास्ट' ही कमांड दिली की लॉगिनच्या वेळा दिसतात.

एक सावधगिरी: लॅपटॉप झोपेतून जागा झाला म्हणजे कुणी उघडला असं नाही. अपडेटसाठी तो स्वतःही जागा होतो. 'जागा झाला' आणि 'लॉगिन झालं' यात फरक करा.

घरी राहिलेल्या फोनचं किंवा टॅबचं काय? अँड्रॉइडमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' आणि आयफोनमध्ये 'स्क्रीन टाइम' बघा. कोणत्या तासाला कोणतं अ‍ॅप वापरलं गेलं ते तिथे दिसतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडा. तुमच्या फोनशिवाय चार डिव्हाइस जोडता येतात. फोन काही सेकंद हातात आला आणि लॉक नसला, तर क्यूआर कोड स्कॅन करून एखादा आपला लॅपटॉप जोडू शकतो. अनोळखी नाव दिसलं तर स्क्रीनशॉट घ्या आणि मग लॉग आउट करा. याच क्रमाने, कारण आधी काढून टाकलं तर दाखवायला काही उरत नाही. गूगल अकाउंटमध्ये 'युअर डिव्हायसेस' हेही एकदा तपासा.

लॅपटॉपला पासवर्ड आहे म्हणून निश्चिंत राहू नका. डिस्क एन्क्रिप्ट नसेल तर ती काढून दुसऱ्या मशीनला लावता येते. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट चालू आहे का ते बघा.

राउटर काय सांगतो, आणि का जपून ऐकायचं

राउटरच्या अ‍ॅपमध्ये जोडलेल्या डिव्हाइसची यादी असते. एखाद्याच्या फोनमध्ये तुमचा वाय-फाय पासवर्ड सेव्ह असेल तर तो रेंजमध्ये आला की आपोआप जोडला जातो. ऐकायला हा पक्का पुरावा वाटतो. पण भिंतीला वाय-फाय कळत नाही. शेजारच्या काकूंकडे तुमचा पासवर्ड असेल तर त्यांचा फोन त्यांच्याच सोफ्यावरूनही तुमच्या राउटरला जोडला जाईल.

शिवाय अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन वाय-फायला आपला खरा मॅक अ‍ॅड्रेस न देता बनावट अ‍ॅड्रेस देतात. सहसा एका नेटवर्कसाठी तोच बनावट अ‍ॅड्रेस राहतो, पण नेटवर्क 'फरगेट' करणं किंवा सेटिंग बदलणं यामुळे तो बदलू शकतो. त्यामुळे नवीन अ‍ॅड्रेस म्हणजे नवीन माणूस असं समजू नका. राउटरची यादी ही जोडपुरावा म्हणून ठीक आहे, एकटी नाही.

माझ्या फ्लॅटमध्ये काय झालं

मी पुण्यात भाड्याने राहतो. शेजारच्या काकूंकडे एक चावी असते. गेल्या वर्षी माझ्या टेबलाचा खालचा ड्रॉवर दोनदा अर्धवट उघडा दिसला. त्यात भाडेकरार, पगाराच्या स्लिपा आणि काही मेडिकल रिपोर्ट होते. रिपोर्ट घरच्यांनाही दाखवलेले नव्हते, त्यामुळे ते कुणीतरी वाचले असतील या कल्पनेनेच मला झोप येईना.

मी फोटोंची नोंद सुरू केली आणि दाराला सेन्सर लावला. तीन आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी दोनच्या सुमारास दार उघडायचं, आणि तासा-दीड तासाने पुन्हा उघडायचं. त्याच वेळेत राउटरच्या यादीत एक अनोळखी फोन दिसायचा. काकूंकडचं नेट बंद होतं तेव्हा पासवर्ड मीच दिलेला, म्हणून राउटरवरून काही ठरत नव्हतं. पण दाराच्या वेळा ठरत होत्या.

कॅमेरा न लावता मी विचारायचं ठरवलं. संध्याकाळी काकूंकडे गेलो आणि म्हटलं, "काकू, मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी कुणी आलं होतं का आमच्याकडे? दाराला सेन्सर लावलाय, त्यात दिसतंय."

काकूंचा चेहरा बघून मला कळलं की त्यांना याची कल्पनाच नव्हती. चावी दाराजवळच्या खिळ्यावर असायची. त्यांचा कॉलेजला जाणारा मुलगा दुपारी माझ्याकडे येऊन अभ्यास करायचा. त्यांच्या घरी त्या वेळी आजोबांचा टीव्ही मोठ्याने चालू असतो. ड्रॉवर त्याने चार्जर शोधताना उघडला होता. तो समोर येऊन "दादा, सॉरी" म्हणाला.

रिपोर्ट त्याने वाचले की नाही, ते मला आजही माहीत नाही. मी विचारलं, तो नाही म्हणाला. कुठलाही सेन्सर यापुढे काही सांगू शकत नाही. मी लॅचचा सिलिंडर बदलला, रिपोर्ट कुलपात ठेवले, आणि नवी चावी पुन्हा काकूंनाच दिली, या वेळी त्यांच्या कपाटात ठेवायच्या बोलीवर. विश्वास काकूंवर होता आणि तो बरोबर होता. चावी मात्र खिळ्यावर होती, आणि खिळा घरातल्या सगळ्यांचा असतो.

विचारायचं कसं?

- नोंद सांगा, आरोप नको. 'तुम्ही माझं सामान बघता' हा आरोप झाला. 'बुधवारी तीन वाजता दार उघडलेलं दिसतंय, काही काम होतं का?' हा प्रश्न झाला. प्रश्नाला उत्तर मिळतं, आरोपाला भांडण.
- एकट्यात आणि समोरासमोर विचारा. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कधीच नको.
- आधी कारण ऐका. नळ चालू राहिला होता, कुकरचा वास आला, पार्सल आत ठेवलं, अशी साधी कारणंही असतात.
- कारण पटलं तरी पुढचा नियम ठरवा: 'आत जायच्या आधी एक मेसेज टाका.' हा नियम ऐकून चांगल्या माणसाला राग येत नाही.

एक अपवाद. चावी जुन्या जोडीदाराकडे असेल, किंवा समोरचा माणूस धमकावणारा, पाठलाग करणारा असेल, तर एकट्याने जाऊन विचारू नका. आधी कुलूप बदला, विश्वासातल्या माणसाला सांगा. धोका वाटला तर ११२, आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत.

कायदा काय म्हणतो?

मी वकील नाही, त्यामुळे इथे फक्त दिशा देतोय.

- १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये गृह-अतिक्रमण येतं. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण गुन्हा करायचा, धमकावायचा, अपमान करायचा किंवा त्रास द्यायचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. चावी तुम्हीच दिली असेल तर हे सोपं नसतं. म्हणूनच 'न विचारता आत जाऊ नका' असा लेखी मेसेज उपयोगी पडतो.
- परवानगीशिवाय अप्रामाणिकपणे दुसऱ्याचा कॉम्प्युटर उघडून माहिती घेणं हे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली येतं. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.
- कुणाच्या खासगी अवयवांचे संमतीशिवाय फोटो काढणं कलम ६६ई मध्ये, आणि स्त्रीला खासगी क्षणी चोरून पाहणं किंवा चित्रित करणं न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये गुन्हा आहे. घरात छुपा कॅमेरा सापडला तर तो हलवू नका, पोलिसांना बोलवा.
- घरमालकाला घर बघायचा हक्क आहे, पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार आधी कळवून आणि वाजवी वेळी. तुमच्या करारात काय लिहिलंय तेही वाचा.

पुरावा सांभाळताना मूळ फाइल मूळ डिव्हाइसवरच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो किंवा व्हिडिओ लहान केला जातो आणि त्यातली वेळ-ठिकाणाची माहिती निघून जाते. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलचा बोटाचा ठसा. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी हॅश पूर्ण बदलतो.

पुढे असं होऊ नये म्हणून

१. भाड्याच्या घरात आल्या आल्या लॅचचा सिलिंडर बदला. घरमालकाला सांगून करा. बऱ्याच लॅचमध्ये पूर्ण कुलूप बदलावं लागत नाही.

२. चावी कुणाकडे आहे याची यादी ठेवा. काम झालं की परत मागा.

३. स्मार्ट लॉक परवडत असेल तर प्रत्येकाला वेगळा पिन द्या, आणि पाहुण्याला ठरावीक वेळेपुरता. मग कोणता पिन कधी वापरला ते अ‍ॅपमध्ये दिसतं. पण बऱ्याच स्मार्ट लॉकला इमर्जन्सी चावीही असते आणि ती वापरली तर सहसा नोंद होत नाही. ती चावी कुणालाच देऊ नका.

४. वाय-फायसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं ठेवा.

५. कागदपत्रं, रिपोर्ट, दागिने यांना एक कुलपाचा कप्पा. ज्याला चावी दिली त्याला घरात यायची परवानगी असते, ड्रॉवर उघडायची नाही. पण ही रेष नुसती मनात ठेवली तर दुसऱ्याला दिसत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*दाराच्या फटीत कागद किंवा केस अडकवून ठेवला तर?*
सिनेमात छान दिसतं. प्रत्यक्षात वाऱ्याने, शेजारच्या दाराच्या धक्क्यानेही तो पडतो. आणि दार किती वाजता उघडलं ते कळत नाही.

*पीआयआर मोशन सेन्सर चालेल का?*
तो हलणारी उष्णता ओळखतो. मांजर, उन्हाचा पट्टा किंवा गरम हवेचा झोत यानेही वाजू शकतो. दाराचा सेन्सर जास्त भरवशाचा.

*सगळं तपासलं, काहीच सापडलं नाही, तरी भीती जात नाही. काय करू?*
सिलिंडर बदला आणि काही महिने जादा चावी कुणालाच देऊ नका. तरीही तसंच वाटत राहिलं, झोप उडाली असेल, तर जवळच्या माणसाशी किंवा डॉक्टरांशी बोला. आणखी एक कॅमेरा लावून ही भीती सहसा कमी होत नाही, तपासायला आणखी एक स्क्रीन मिळते एवढंच.

*सेन्सर लावलाय हे चावीवाल्या माणसाला सांगायचं का?*
माझं मत: हो. तपासणी संपली की सांगून टाका. ज्याला माहीत आहे की दाराची नोंद होते, तो विचारून येतो. आणि उद्या तुमच्या घरातलं काही खरंच हरवलं, तर 'मी त्या दिवशी आलेच नव्हते' हे दाखवायला तीच नोंद काकूंच्या किंवा मावशींच्या कामी येते.